दोरीच्या कडव्यानंतर

नागव्वाचं दोरीचं कडवं संपलं, आणि पुढच्या कडव्यासाठी ती श्वास घेते तेवढ्या जागेत कुणीतरी बोललं. रत्नम्मानं चटकन मान वळवून मागं पाहिलं. मागं दुकानाचं लाकडी कपाट होतं, त्यात उघडे पडलेले रेडिओ, आणि कपाटाच्या काचेत तिचाच चेहरा, कानांवर दोन काळ्या वाट्या चढवलेला. समोर दुकानदार नरसय्या डाग देण्याची कांडी हातात धरून कुठल्याशा ट्रान्झिस्टरवर वाकला होता. त्याचे ओठ मिटलेले होते. बाहेर सोलापूरची नवी पेठ दुपारच्या उन्हात चालली होती, पण तिचा आवाज येत नव्हता. एक सायकलवाला तोंड उघडून काहीतरी ओरडत गेला आणि ते ओरडणं काचेपलीकडच्या माशासारखं नुसतं दिसलं. म्हणजे बोलणारं माणूस बाहेर नव्हतं, टेपमध्ये होतं. चार वर्षं ती ही टेप ऐकत आली होती. गाण्याचा शब्दन् शब्द तिनं वहीत उतरवला होता, कुठं नागव्वा खोकते, कुठं पाळण्याची कडी करकरते ते सगळं तिला ठाऊक होतं. दोरीच्या कडव्यानंतर त्या वहीत तिनं कंसात लिहिलं होतं, ‘येथे खरखर’. तिनं टेप मागं घेतली. खरखर नव्हतीच. तिच्या आईचा आवाज होता.

रत्नम्मा कलशेट्टी कॉलेजात मराठी शिकवायची, घरी कानडी बोलायची, आणि सुट्टीत अक्कलकोटच्या बाजूच्या गावांतून बायकांची गाणी गोळा करायची, दोन्ही भाषांतली. ‘ह्याचं पुढं काय करणार?’ असं तिला पुष्कळांनी विचारून झालं होतं आणि विचारणं सोडूनही दिलं होतं. मग यंदा अचानक विद्यापीठानं सामान मंजूर केलं. यादीत शेवटी टाइप केलेलं होतं, ‘स्टुडिओच्या दर्जाचे हेडफोन, नग एक’. हे शब्द तिनंच अर्जात लिहिले होते, पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाच्या पत्रातून उचलून. त्यांचा अर्थ काय ते तिला माहीत नव्हतं. नरसय्यानं मुंबईहून पसंतीसाठी दोन जोड मागवले. एक जर्मन, जड, कान पुरते झाकून टाकणारा. दुसरा जपानी, हलका, कानांवर नुसता टेकणारा. “ह्यात चांगलं-वाईट न्हाय बघा मॅडम,” तो म्हणाला होता. “कुठलं खरं वाजवतं ते तुमी ठरवायचं.” तिनं विचारलं, खरं म्हणजे? तो जरा घोटाळला. “म्हणजे दोन्ही खरंच वाजवतात की. पण येगळं येगळं.” मग त्यानंच सुचवलं, की नवं गाणं लावू नका, अनोळखी गाण्यावर कान फसतो, तोंडपाठ असलेलं एखादं आणा, म्हणजे फरक लगेच सापडेल. म्हणून तिनं नागव्वाचा पाळणा आणला होता. तिला त्याच्याहून जास्त पाठ काही नव्हतं.

आईचं बोलणं लांब नव्हतं. ‘अवर कडिंद कागद बंदाद. हूं अंदार.’ त्यांच्याकडून कागद आलाय, हो म्हणालेत. मग पुरुषाचं घसा खाकरणं, ते गुरुबसप्पा काकांचं, नागव्वामावशीच्या नवऱ्याचं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली तरी ते खाकरणं जिवंत माणसासारखं तिच्या कानाशी आलं. मग पुन्हा आई, आणखी खालच्या आवाजात, ‘रत्नाग’, रत्नाला, आणि इथं नागव्वाचा श्वास तिच्या शब्दावर घासून जायचा, ‘हेळ’, आणि लगेच खुंटीचं कडवं भरल्या गळ्यानं सुरू व्हायचं आणि त्या शब्दाचं शेपूट गाण्याखाली चिरडून जायचं. हेळब्याड. सांगू नको. तिनं चार वेळा ऐकलं, चारी वेळा हेळब्याड. मग जर्मन हेडफोन उतरवून तिनं जपानी घातला, फक्त ताडून पाहावं म्हणून, आणि तिथं आई म्हणत होती, हेळबेक. सांगायला पाहिजे. तिनं पुन्हा जर्मन घातला. पुन्हा जपानी. नरसय्यानं कांडी खाली ठेवली आणि विचारलं, “काय, ठरलं का?” तिनं मान हलवली, ती होकारार्थी की नकारार्थी हे त्यालाही कळलं नसावं, कारण तो म्हणाला, “सावकाश बघा. मार्चअखेरपर्यंत हायेत दोन्ही हितंच.”

ती चालत निघाली. कानांना एवढा वेळ झाकून ठेवल्यावर रस्त्याचा आवाज अंगावर येत होता, सगळा एकदम, आणि त्यातलं काहीच आपल्यासाठी नाही असं वाटत होतं. ‘त्यांच्याकडून’ म्हणजे कुणाकडून, हा प्रश्न तिनं स्वतःला बाळीवेशीपर्यंत विचारलाच नाही. विचारण्याची गरज नव्हती. बहात्तर सालच्या त्या हिवाळ्यात कागद यायचा होता तो एकाच घराकडून. दुष्काळाचं वर्ष होतं, नागव्वाच्या गावच्या, मैंदर्गीच्या विहिरींना तळ दिसत होता, गावातली अर्धी माणसं खडी फोडायच्या कामावर जात होती, आणि ही कॉलेजातून मागून आणलेला टेपरेकॉर्डर घेऊन नागव्वाच्या सोप्यात बसली होती. आईही बरोबर आली होती, बहिणीला भेटायला. फिजिक्सच्या प्रयोगशाळेतला लष्करी पद्धतीचा जुना हेडफोन तिनं कानांवर घट्ट बसवला होता, आणि सुरू करण्याआधी सगळ्यांना बजावलं होतं की गाणं चालू असताना कुणी एक अक्षर बोलायचं नाही. ‘बोलायचं असेल तर आत्ताच बोलून घ्या,’ असं ती म्हणाली होती, आणि आई हसली होती. त्या जुन्या हेडफोनमधून गाणं पाण्याखालून आल्यासारखं यायचं, नागव्वाखेरीज काही ऐकूच यायचं नाही. तिनं डोळे मिटून घेतले होते. पाळणा कुठल्या झाडाचा, सुतार कुठल्या गावचा, दोरी कुणी वळली, खुंटी कुणी ठोकली, असं एकेक कडवं वर चढत होतं, आणि तिच्यामागं चार हातांवर आई आणि गुरुबसप्पा काका बसले होते. तिचे कान बांधलेले आहेत हे आईला दिसत होतं. म्हणूनच ती तेव्हा बोलली असेल? की सहज बोलली, माणसं बोलतात तशी, कुणाचंही लक्ष नाही असं पाहून नव्हे, तर बोलणं आलं म्हणून?

ते घर चन्नवीरचं, आणि तो हे गाणं टेप करण्याच्या दोन महिने आधी तिला पाहून गेला होता. अक्कलकोटला हायस्कुलात भूगोल शिकवायचा. तिचं तेव्हा बत्तिसावं चालू होतं, त्याचं पस्तिसावं, आणि दोघंही इतक्यांदा पाहून-दाखवून झाले होते की त्या दिवशी कुणालाच घाई नव्हती. पोहे झाले, चहा झाला, गुरुबसप्पा काकांनी दोन्हीकडची नाती जोडून दाखवली. मग त्यानं विचारलं, रविवारी काय करता? तिनं काही न बोलता टेपरेकॉर्डर आणून एक गाणं लावलं. माणसं अशा वेळी अर्ध्या मिनिटात मान डोलावतात आणि बोलायला लागतात. तो बोलला नाही. मान खाली घालून, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून त्यानं गाणं शेवटपर्यंत ऐकलं, आणि संपल्यावर म्हणाला, “ह्या बाईला श्वास कुठं घ्यायचा ते कळतं.” बस्स एवढंच. नंतर काही कागद आला नाही. निदान तिला तसं वाटलं. पहिला महिना ती वाट पाहत होती, दुसऱ्या महिन्यात तिनं कारणं शोधायला सुरुवात केली, आणि कारणं काय, हवी तेवढी मिळतात. आपण सावळ्या. आपलं वय. आपण हायस्कुलावर नाही, कॉलेजावर. पुरुषाला ते जड जात असेल. त्या दिवशी आपण दाखवायच्या कार्यक्रमात टेपरेकॉर्डर आणून ठेवला, हा आगाऊपणाच की. ह्यातलं शेवटचं कारण तिच्या मनात सगळ्यात खोल गेलं होतं. त्यानंतर तिनं कुणालाही आपण होऊन गाणं ऐकवलं नव्हतं. पाहण्याच्या दिवशीचं हळदीच्या रंगाचं इरकल नेसणं तिनं सोडलं होतं. वर्गात, स्टाफरूममध्ये ती जी बाई झाली होती, थोडी कोरडी, वेळेवर येणारी, कुणाच्या घरगुती गप्पांत न शिरणारी, ती बाई त्या नकाराच्या पायावर उभी राहिलेली होती. आता तो पायाच नव्हता असं ही टेप सांगत होती. मग ही बाई कशावर उभी होती?

गेल्या वर्षी वैशाखात त्याच्या लग्नाची पत्रिका तिच्या कॉलेजच्या पत्त्यावर आली होती. पाकिटावर तिचं नाव हातानं लिहिलेलं, आत छापील मजकुराशिवाय काही नाही. तेव्हा तिला राग आला होता; नकार देणाऱ्यानं पत्रिका पाठवायची म्हणजे काय, असं वाटून तिनं ती फाडलीही नव्हती, नुसती रद्दीत टाकली होती. आता घराच्या पायऱ्या चढताना ते पाकीट तिला पुन्हा दिसलं. अक्षर सुबक होतं, नकाशावर गावांची नावं लिहावीत तसं.

आई, ईरम्मा, चुलीपुढं बसून भाकरी शेकत होती. घरात रॉकेलचा स्टोव्ह होता, पण कडक भाकरी चुलीवरच व्हायची, मंद विस्तवावर, पापडासारखी खुळखुळेपर्यंत. कॉलेजच्या डब्यात लेकीला तीच आवडते म्हणून. “उशीर झाला,” आई कानडीत म्हणाली. घरात दोघी कानडीतच बोलत. “दुकानात होते.” “मिळालं का ते कानाचं?” “दोन आहेत. ठरत नाही.” “ज्यात चांगलं ऐकू येतं ते घ्यावं,” आई म्हणाली आणि भाकरी उलटली. रत्नम्मा उंबऱ्याशी उभी राहून तिच्याकडं पाहत राहिली. अडुसष्ट वर्षांची बाई, कपाळावर विभूतीचे पुसट पट्टे, गळ्यात लिंगाची गाठ, गुडघे दुखतात म्हणून एक पाय लांब केलेला. ही बाई सांगू नको म्हणाली की सांगायला पाहिजे म्हणाली? पाहिजे म्हणाली असेल, तर काका सांगायचे विसरले, किंवा काकांना वाटलं आईच सांगेल, किंवा आईला वाटलं काकांनी सांगितलं आणि मुलीलाच नको आहे. माणसं एकमेकांकडं बघत गप्प राहिली आणि एक होकार मधल्या मध्ये वाळून गेला. असं होतं. आणि नको म्हणाली असेल तर? तर गेली चार वर्षं रोज सकाळी ही डबा भरते तो डबा कसला होता? पोर दमून येते म्हणून पाय चेपायला बसते, ते बसणं कसलं होतं? गेल्या पावसाळ्यात रत्नम्माला ताप आला तेव्हा आई तीन रात्री भिंतीला टेकून बसून होती. तेही दोन प्रकारांनी ऐकता येत होतं.

जेवताना तिनं विचारायचं ठरवलं. “अव्वा, मैंदर्गीला आपण गेलो होतो ना, दुष्काळाच्या वर्षी,” ती म्हणाली. “हं.” “तेव्हा गुरुबसप्पा काका…” आईनं शेंगाची चटणी तिच्या ताटात वाढली आणि वर पाहिलं. त्या पाहण्यात काही होतं का? डोळे जरा बारीक झाले, पण ते हल्ली तसेच होत, मोतीबिंदू वाढत होता. “काकांना चटणी तिखट लागायची,” रत्नम्मा म्हणाली. “लई तिखट,” आई मराठीत म्हणाली. मेलेल्या माणसाची थट्टा ती मराठीत करायची.

दुसऱ्या दिवशी दोन तास संपवून ती पुन्हा नवी पेठेत गेली. तिसऱ्या दिवशीही. शास्त्रीय काम करावं तसं तिनं कागदावर रकाने पाडले, कुठल्या हेडफोनमध्ये कितव्यांदा काय ऐकू आलं. पहिल्या दिवशी जर्मन नको म्हणत होता. दुसऱ्या दिवशी तोच स्वच्छ, निःशंकपणे पाहिजे म्हणाला, आणि जपानी नुसता ‘हेळ’वर थांबला, पुढं खुंटीचं कडवं. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की टेप सुरू करण्याआधी आपल्या मनात जो शब्द असतो तोच निघतो. म्हणून तिनं मनात शब्द न ठेवण्याचा प्रयत्न केला, आणि मग आईचा आवाज बिनअर्थाचा झाला, नुसता वर-खाली होणारा श्वास, लहानपणी झोपेच्या काठावरून ऐकलेल्या मोठ्यांच्या बोलण्यासारखा. ते बरं वाटलं. त्यात कुणाची चूक नव्हती. नरसय्या म्हणाला, “मॅडम, येक बोलू? तुमी एकच जागा ऐकताय सारखी. असं एका जागेवर मशीन पारखत न्हाईत.” त्याचे वडील साखर पेठेत मागावर उभं आयुष्य काढून ठार बहिरे झालेले, घरात सात मागांच्या खडखडाटात तो वाढला आणि कान शाबूत असतानाच पळून रेडिओच्या धंद्यात आला, असं तो सगळ्यांना सांगायचा. “त्या जागेवर कोण बोलतंय?” त्यानं विचारलं. ती म्हणाली, “माझी आई.” “मग त्यांनाच आणा की,” तो म्हणाला. “हयात हायेत ना?”

इतकं साधं होतं ते. तिला ते सुचलं नव्हतं, की सुचूनही तिनं बाजूला सारलं होतं, हे तिला कळेना. शनिवारी सकाळी ती आईला म्हणाली, “चल, नागव्वा चिक्कव्वाचं गाणं ऐकवते, नव्या मशीनवर.” आईनं लगेच ठेवणीतलं लुगडं काढलं. बहिणीला भेटायलाच निघाल्यासारखी ती खूश होती, आणि टांग्यात बसल्यावर ती म्हणाली की नागव्वाला एक पोस्टकार्ड टाकायला हवं, तुझा आवाज दुकानात वाजला म्हणून. रत्नम्मा तिचा दुखरा गुडघा आपल्या मांडीला टेकू देत बसली होती आणि स्वतःला विचारत होती, आपण हिला गाणं ऐकवायला नेतोय की पकडायला? ज्याला पकडायचं त्याचा गुडघा असा सांभाळतात का? ती अजूनही टांगा वळवू शकली असती. मधला मारुती गेला, शहाळीवाला गेला, आणि तिनं टांगा वळवला नाही.

नरसय्यानं ईरम्माला स्टूल दिलं, पंखा तिच्याकडं वळवला. जर्मन हेडफोन तिच्या अंबाड्यावर अडकत होता; तिनं पदर मागं सारला, पुन्हा ओढला, शेवटी रत्नम्मानंच तो नीट बसवून दिला, लहान मुलीच्या कानात डूल घालावं तसा. टेप सुरू झाली. दोन क्षण काही नाही, मग ईरम्माचा चेहरा उजळला. “नागव्वा,” ती केवढ्यानं तरी म्हणाली. कान झाकलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही. दुकानात आलेलं एक जोडपं वळून हसलं, नरसय्याही हसला. “हितंच बसल्यासारखी हाय की,” ईरम्मा त्याला मोठ्यानं मराठीत म्हणाली आणि बोटांनी गुडघ्यावर ताल धरला. झाड झालं, सुतार झाला. रत्नम्माला काही ऐकू येत नव्हतं, पण आईच्या बोटांवरून कडवं कळत होतं. दोरी सुरू झाली. तिला वाटलं, आत्ता बटण दाबावं, वीज गेली म्हणावं. तिचा हात टेपरेकॉर्डरपर्यंत गेलाही. दोरी संपली आणि आईची बोटं थांबली.

ईरम्मानं लेकीकडं पाहिलं नाही. ती समोरच्या कपाटातल्या उघड्या रेडिओंकडं बघत होती. मग ती बोलली, शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाशी बोलावं तशी, कानडीत, एकेक शब्द सुटा करून. “हेळब्याड अंदे. नाने अंदे.” सांगू नको म्हणाले. मीच म्हणाले. ते जोडपं दचकून वळलं. “आत्ता सांगू नको म्हणाले. आत्ता. दुष्काळ होता, पैसा नव्हता, तुझा बाप जाऊन वर्ष व्हायचं होतं. दिवाळीपर्यंत थांबू म्हटलं काकाला. मग दिवाळी आली. मग मला वाटलं, ही गेली तर ह्या घरात मी कुणाचं तोंड बघू? आणि ते परत काही विचारायला आले नाहीत. मी त्यांच्या विचारण्याची वाट बघितली. खरंच बघितली.” ती ओरडत होती, पण रागानं नव्हे, तिच्या चेहऱ्यावर कुजबुजणाऱ्या माणसाचा भाव होता, आणि हे सगळं ती लेकीच्या कानात सांगतेय असंच तिला वाटत होतं. रस्त्यावरचे दोघंतिघं दाराशी थबकले. कानडी कळणारी माणसं सोलापुरात कमी नाहीत.

रत्नम्मानं पुढं होऊन हेडफोनची एक वाटी आईच्या कानावरून बाजूला केली. “अव्वा, हळू,” ती म्हणाली. ईरम्मानं चमकून दाराकडं पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि ती लहान झाली. नरसय्या दाराशी थांबलेल्यांना म्हणाला, “काय पाहिजे तुमाला?” ते गेल्यावर तो ईरम्माला म्हणाला, “आमच्या घरात सगळेच असं बोलतात आजी. मागाच्या आवाजात मोठ्यानंच बोलावं लागतं. मला काय न्हाय वाटलं.” मग तो आत जाऊन पाणी घेऊन आला, आणि पाणी देऊन झाल्यावर डब्यातले स्क्रू निवडत बसला.

रत्नम्मानं हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवला. वाट्या आईच्या कानांनी गरम झालेल्या होत्या. टेप मागं घेतली. कागद बंदाद. हूं अंदार. रत्नाग, श्वास, हेळब्याड. आता दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. आपल्याला कधी हेळबेक ऐकू आलं होतं ह्यावरही विश्वास बसेना. पण आई म्हणाली होती, आत्ता. ‘ईग’. ‘रत्नाग ईग हेळब्याड’. त्या ‘ईग’ला जागा होती ती नागव्वाच्या श्वासाएवढी. रत्नम्मानं पुन्हा ऐकलं. त्या श्वासाखाली एखादा छोटा शब्द मावला असता. तो मुळात नसेलही, आईनं तो चार वर्षांत हळूहळू आत सरकवला असेल, आणि आता तो तिथं होताच अशी तिची खात्री असेल. दोन्ही हेडफोनमध्ये श्वास तेवढा श्वासासारखा वाजत होता. तिनं टेप थांबवली. “हाच द्या,” ती नरसय्याला म्हणाली आणि जर्मन जोड त्याच्यापुढं ठेवला. त्याच्या बिजागरीत आईचा एक पांढरा केस अडकला होता. नरसय्यानं तो पाहिला आणि काढला नाही. “का हाच, ते कमिटीला लिहावं लागंल,” तो म्हणाला. ती म्हणाली, “लिहीन काहीतरी.”

परतताना दोघी टांग्यात मागच्या बाजूला बसल्या, तोंडं मागं, रस्ता पुढून न येता पायांखालून निघून मागं जाताना दिसत होता. रत्नम्मा राग यायची वाट पाहत होती. तो येत नव्हता, त्याच्या जागी एक जडपणा होता, प्रवासातून उतरल्यावर जमीन हलते तसलं काहीतरी. आपल्याला नाकारलं नव्हतं, हे तिनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. ते आनंदाचं वाक्य होतं आणि त्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. ज्या बाईला ते सांगायला हवं होतं ती बत्तीस वर्षांची बाई आता कुठं होती?

“मी मोठ्यानं बोलले काय?” ईरम्मानं विचारलं.

“हो.”

“सगळ्यांना ऐकू गेलं?”

“गेलं असेल.”

ईरम्मानं लुगड्याचा काठ गुडघ्यावर सारखा केला. मग ती म्हणाली, “आता कुठं असतो तो? अक्कलकोटलाच?” रत्नम्मानं तिच्याकडं पाहिलं. आई खरंच विचारत होती. “नागव्वाला लिहून चौकशी करता येईल,” ती म्हणाली.

“त्याचं लग्न झालं, अव्वा.”

“कधी?”

“मागच्या वैशाखात. पत्रिका आली होती.”

टांग्याच्या हिसक्यांबरोबर ईरम्माची मान हलत होती. तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत गेला. एक बोट, दुसरं, तिसरं, आणि चौथ्याच्या मध्यावर थांबला. “म्हणजे साडेतीन वर्षं थांबला,” ती म्हणाली. आणि लेकीकडं वळून, जणू ही बातमी तिला आपल्या आधी कळली नसेल अशी, “रत्ना, तो साडेतीन वर्षं थांबला होता.”

हे रत्नम्माच्या मनात आलं नव्हतं. टेपमधल्या एका शब्दाच्या शेपटामागं ती आठवडाभर धावत होती, आणि हा हिशोब तिनं केलाच नव्हता. अक्कलकोटच्या कुठल्याशा खोलीत एक माणूस, हो म्हणून कळवल्यावर, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून बसला असेल. त्यालाही उत्तर गेलं नव्हतं. त्यानंही कारणं शोधली असतील. मग एक दिवस पाकिटावर तिचं नाव लिहिलं असेल, सावकाश, सुबक.

“थांबवा जरा,” ती टांगेवाल्याला म्हणाली. मधला मारुती जवळ आला होता. टांगा पुरता थांबायच्या आतच ती उतरली. “आजींना बाळीवेशीत दारापर्यंत सोडा. हात धरून उतरवा, गुडघा दुखतो त्यांचा.” ईरम्मा टांग्याच्या कडेला धरून पुढं वाकली. “आणि तू?”

“येते.”

“कधी?”

रत्नम्मानं घराची किल्ली आईच्या हातात ठेवली आणि आईची बोटं तिच्यावर मिटवली. टांगा निघाला. मागच्या बाजूला बसलेल्या माणसाला मान वळवायची सोय नसते. ईरम्मा समोरच, लेकीकडं तोंड करून, दूर दूर जात राहिली. तिनं हाक मारली नाही, हातही हलवला नाही. दोघी एकमेकींकडं बघत होत्या, आणि मध्ये सायकली, हातगाड्या, मिलची पाळी सुटलेली माणसं येत होती, जात होती. वळणावर टांगा कोपऱ्याआड गेला. रत्नम्मा तिथंच उभी राहिली. माणसं तिला चुकवून दोन्ही बाजूंनी चालली होती. थोड्या वेळानं तिच्या ध्यानात आलं की आपण रस्त्याच्या मधोमध उभ्या आहोत, आणि ती कडेला झाली.